पक्की तारीख

श्रावस्तीचा खोकला आताशा शैलाताईंना भिंतीपलीकडूनही दिसायचा. कोरडी ढास, एकामागोमाग चार-पाच वेळा, मग थोडी उसंत. त्या उसंतीत तिचा हात पोटाखाली आधाराला गेला असणार, हे त्यांना न बघताच कळायचं. स्वयंपाकघरात भाकरी थापता थापता त्या हात थांबवून मोजत. काल सकाळपासून जेवणापर्यंत बावीस. आज अकरा वाजायच्या आतच एकोणीस. इतक्या हिसक्यांनी आतल्या जिवाचं काय होत असेल, हा एकच विचार त्यांच्या डोक्यात ठाण मांडून बसला होता. मेथी निवडताना, गाळणं धुताना, सुखदेवरावांच्या गोळ्या डबीत भरताना तो तिथंच असायचा.

घराच्या खिडक्या दिवाळीपासून बंद होत्या. सुखदेवरावांनी फटींना खाकी चिकटपट्टी लावली होती आणि वर वर्तमानपत्राच्या घड्या कोंबल्या होत्या. मयूर विहारमधल्या त्यांच्या सोसायटीच्या तिसऱ्या मजल्यावरून एरवी यमुनेकडचं मोकळं आकाश दिसे. आता समोरच्या ब्लॉकवरची पाण्याची टाकीसुद्धा दिसत नव्हती. मेट्रो नुसती ऐकू यायची. बैठकीत हवा गाळायचं यंत्र दिवसभर घरघरत राही आणि त्याचा लाल दिवा काही हिरवा व्हायला तयार नसे. वाळत घातलेले कपडे, तीन माणसं आणि तो दिवा, असं सगळं दोन खोल्यांत कोंडून पडलं होतं.

"मम्मी, यार, मी लोणचं झालेय लोणचं. झाकण लावून ठेवलंय तुम्ही मला," श्रावस्ती म्हणायची.

ही मुलगी घरात बसणाऱ्यातली कधीच नव्हती. शाळेत असताना सोसायटीच्या भिंतीवरून चालत जायची, कॉलेजात असताना करोल बागेतून दोन दोन तास फिरून एक ओढणी घेऊन यायची. नोएडात नोकरी लागल्यावर मेट्रो स्टेशनपासून ऑफिसपर्यंत रोज पायी. आता तिची सगळी वाट पलंगापासून सोफ्यापर्यंत होती.

ती आईकडे राहिली ती शैलाताईंच्याच शब्दावर. तिचा नवरा अनुराग मूळचा पुण्याचा. सप्टेंबरात कंपनीनं त्याला पुण्याला पाठवलं, तेव्हा तो म्हणाला होता, दोघं एकदमच जाऊ. शैलाताई म्हणाल्या, "पहिलं बाळंतपण आईकडे. मग न्या कुठं न्यायचं तिथं." दोघांनी मान हलवली, नोएडातलं घर आवरलं, आणि श्रावस्ती इथं राहायला आली. दिवाळीनंतर धूर उतरला, खोकला लागला, आणि छातीच्या डॉक्टरांनी औषधं लिहून देता देता सांगितलं, खरं औषध एकच आहे, हवा बदला.

पुण्यात अनुरागनं घर घेऊन ठेवलं होतं. त्याची आई, कुमुदताई, दिवसाआड फोन करायच्या. "पाठवा हो तिला इकडे, शैलाताई. आमच्याकडेही सकाळी धुकं असतं, पण ते खरं धुकं असतं." शैलाताई हसून बरं बरं म्हणत आणि फोन ठेवल्यावर ओटा दोनदा पुसत.

कारण श्रावस्तीबरोबर त्यांना जाता येणार नव्हतं. सुखदेवरावांना मंगळवारी आणि शुक्रवारी डायलिसिस. मशीनजवळच्या खुर्चीवर चार तास, आणि शेजारच्या स्टुलावर शैलाताई. गेली दोन वर्षं या दोघांनी दिल्ली सोडलेली नव्हती. लेक गेली म्हणजे नातवंड दीड हजार किलोमीटरवर जन्मणार, आणि त्याला पहिल्यांदा हातात घेणार कुमुदताई. हे त्या कुणाला बोलून दाखवत नसत. पण भाकरी थापताना थांबलेला हात कधी कधी खोकला मोजून झाल्यावरही थांबलेलाच राही.

*

चार डिसेंबरला त्या विमान कंपनीचा फॉर्म घेऊन दवाखान्यात गेल्या. नियम सरळ होता. बत्तीस आठवडे उलटले की डॉक्टरांची सही लागते, ती सही प्रवासाच्या आधी सात दिवसांच्या आतली हवी, आणि छत्तीस आठवड्यांनंतर सही असली तरी विमानात घेत नाहीत. आगगाडीला पुण्यापर्यंत एक दिवस आणि वर काही तास, त्याला डॉक्टरांनी आधीच नाही म्हटलं होतं.

फॉर्म शैलाताईंनीच भरला होता. चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात काढून त्या सेक्शन ऑफिसर म्हणून निवृत्त झाल्या होत्या. रिकामा रकाना त्यांना बघवत नसे. नाव, वय, आठवडे, बाळ एक की जुळी, अपेक्षित तारीख, सगळं काळ्या शाईत, सुवाच्य. फक्त डॉक्टरांच्या सहीची जागा तेवढी मोकळी.

डॉ. कोहलींनी फाईल उघडली, नवी सोनोग्राफी पाहिली आणि फॉर्म बाजूला सारला.

"देखिए, आंटीजी. तारीख के हिसाब से तैंतीस हफ्ते पूरे हो गए. और बच्चा दिख रहा है तीस-इकतीस का. खून का बहाव ठीक है, पर बच्चा छोटा है. ऐसे में मैं 'फिट' कैसे लिख दूँ? ऊपर से ये खाँसी."

श्रावस्तीनं ओढणी तोंडाशी धरली होती. ती म्हणाली, "डॉक्टर, नोएडावाले पहले स्कैन में मुझे फरवरी बोला था. यहाँ जनवरी लिखा है."

"वो रिपोर्ट है?"

"पैकिंग में कहीं चली गई. और वो सेंटर बंद हो गया. अनुराग पुणे में सब डब्बे खोल रहे हैं."

डॉक्टरांनी फाईलचं पहिलं पान काढलं. शेवटच्या पाळीची तारीख, चौदा एप्रिल. त्यांनी श्रावस्तीकडे पाहिलं. श्रावस्तीनं आईकडे पाहिलं. तिची पाळी कॉलेजपासूनच कधी वेळेवर नसायची, कधी दीड महिना, कधी दोन. तिला स्वतःला तारीख सांगता येत नव्हती.

"डेट पक्की है?"

"पक्की है," शैलाताई म्हणाल्या. हा त्यांचा ऑफिसातला आवाज होता. या आवाजावर किती तरी लोकांची पेन्शन मार्गी लागली होती.

"तो फिर बच्चा ही पीछे है. अगले गुरुवार आइए. अच्छे से खिलाइए इसको."

बाहेर आल्यावर श्रावस्ती बाकावर बसली. मग म्हणाली, "मी तर खातेय ना गं सगळं."

"खातेस कुठं? परवाचा लाडू उशीजवळ तसाच होता."

शैलाताईंना स्वतःचाच राग आला. या वाक्याचा नव्हे. डॉक्टरांनी फॉर्म बाजूला सारला त्या क्षणी त्यांच्या छातीवरचं एक ओझं सरकन उतरलं होतं. चला, आता जात नाही ती कुठं. इथंच राहील. आपल्या डोळ्यांसमोर. लेकीचा चेहरा पडलेला आणि आपल्याला हलकं वाटतंय, हे त्यांना रिक्षात बसेपर्यंत कळलं होतं. घर येईपर्यंत त्यांनी ते दडपूनही टाकलं होतं.

"काय झालं?" सुखदेवरावांनी दार लगबगीनं लावून घेत विचारलं.

"सही नाही दिली. बाळ लहान आहे म्हणतात."

"मग काय, आता घरात दोन कैदी," ते श्रावस्तीला म्हणाले. "माझी हजेरी मंगळवार-शुक्रवार, तुझी गुरुवारी. जेलर एकच."

श्रावस्ती हसली, आणि हसता हसता तिला ढास लागली. सहा वेळा. शैलाताईंनी मोजलं.

*

तारखांशी शैलाताईंचं नातं जुनं होतं. अकोल्याजवळच्या खेड्यात त्यांचे वडील मारुती तायडे त्यांना शाळेत घालायला घेऊन गेले, तेव्हा मास्तरांनी जन्मतारीख विचारली. वडिलांना लिहिता येत नव्हतं. ते म्हणाले, "उन्हाळ्यात झाली, विहिरीचं पाणी आटलं होतं तवा." मास्तरांनी लिहिलं, एक जून. त्या वर्गातली अर्धी मुलं एक जूनला जन्मलेली होती. पुढं त्या तारखेवर शैलाताईंची परीक्षा झाली, नोकरी लागली, आणि निवृत्तीही त्या तारखेवरच झाली. त्यांचा खरा वाढदिवस कोणता, हे विचारायला आता जगात कुणी उरलेलं नव्हतं. पण त्यामुळे काही अडलं नाही. उलट त्या एक गोष्ट शिकल्या. रकाना भरलेला असला की माणूस पुढं जातो, आणि रिकामा असला की दारातच उभा राहतो.

दुसरी तारीख होती चौदा एप्रिल. घरातलं सगळं या तारखेला टांगलेलं असे. लग्न कधी झालं? जयंतीनंतर आठ दिवसांनी. फ्लॅटचा ताबा? जयंतीच्या आदल्या दिवशी. कपाटाच्या कुलपाचा आकडा, मोबाईलचा आकडा, सगळा तोच. बाबासाहेबांच्या जयंतीला पांढरी साडी नेसून दिल्लीतल्या आपल्या लोकांच्या मेळाव्यात जायचं, त्या दिवसापासून वर्ष सुरू व्हायचं. एखादी तारीख आठवली नाही की शैलाताईंची जीभ आपसूक तिथं जाऊन टेकायची.

जुलैमध्ये तेच झालं होतं. श्रावस्ती आईकडे जेवायला आली आणि स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली. दिवस गेल्याचं तिनं तोवर घरात सांगितलं नव्हतं. आदल्या वर्षी एकदा गमावलं होतं, म्हणून यावेळी ती आणि अनुराग धीर धरून गप्प होते. शैलाताईंनी तिला तशीच जवळच्या, डॉ. कोहलींच्या दवाखान्यात नेली. खिडकीवरची सिस्टर कार्ड भरत होती. "लास्ट पीरियड की डेट?" श्रावस्ती खुर्चीत डोळे मिटून बसलेली. मागं रांग. सिस्टरचं पेन रकान्यावर थांबलेलं.

जयंतीच्या कार्यक्रमात श्रावस्ती मागच्या रांगेत पोटाशी पिशवी धरून बसली होती, पोट दुखतंय म्हणत होती, असं शैलाताईंना आठवलं.

"चौदह अप्रैल," त्या म्हणाल्या.

पेन चाललं.

*

सहा डिसेंबरला, महापरिनिर्वाण दिनी, एरवी ते तिघं सकाळीच विहारात जात. या वर्षी बाहेर पडायची सोयच नव्हती. घरीच वंदना करू, असं ठरलं. श्रावस्तीची पांढरी ओढणी सापडेना, म्हणून शैलाताईंनी नोएडाहून आलेली तिची निळी बॅग पलंगाखालून ओढली. ओढणी खाली होती. ती काढताना बाजूच्या खणात काहीतरी करकरलं. चार घड्या घातलेला एक कागद, त्यात गुंडाळलेला एक लहानसा काळा फोटो.

नोएडाच्या सोनोग्राफी केंद्राचा कागद. तारीख अठरा जून. बाळाचे ठोके ऐकू येतात. वय सहा आठवडे पाच दिवस. अपेक्षित तारीख सहा फेब्रुवारी.

शैलाताई पलंगाच्या कडेवर बसल्या. बोटांवर मोजलं, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर, मग पुन्हा बोटांवर. चौदा एप्रिल धरली तर अठरा जूनला नऊ आठवडे भरायला हवे होते. अडीच आठवड्यांचा फरक. डॉक्टर म्हणाल्या होत्या तेवढाच. बाळ मागं नव्हतं. बाळ जिथं असायला हवं तिथंच होतं. पुढं लिहिलं गेलं होतं ते त्याचं वय.

त्यांनी मोबाईल काढला आणि एप्रिलचे फोटो उघडले. जयंतीचा मेळावा. पांढऱ्या साड्यांची रांग, मधे सुखदेवराव निळा फेटा बांधून. श्रावस्ती कुठंच नव्हती. मग आठवलं. यंदाच्या जयंतीला ती अनुरागबरोबर पुण्याला गेली होती, चुलत दिराच्या लग्नाला. पोटाशी पिशवी धरून बसली होती ती गेल्या वर्षी.

"मम्मी, मिळाली का ओढणी?" बाहेरून आवाज आला आणि त्यामागून खोकला.

"मिळाली."

कागद त्यांनी आपल्या पर्समध्ये, चष्म्याच्या घरामागं ठेवला. का ठेवला, हे त्यांनी स्वतःला विचारलं नाही. आता वंदना आहे, मग सांगू, एवढंच.

प्रतिमेपुढं मेणबत्ती लावली. सुखदेवरावांनी सुरुवात केली, मागोमाग त्या दोघी. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. चौथ्या शीलाशी शैलाताईंचा आवाज मागं पडला. खोटं न बोलण्याचं ते शील त्या लहानपणापासून म्हणत आल्या होत्या. आज ओठ हलले, पण आवाज निघाला नाही. श्रावस्तीनं तिरक्या डोळ्यांनी पाहिलं. तिला वाटलं, आईलाही घशाचा त्रास सुरू झाला.

मग सांगू, ते त्या दिवशी झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी खोटं कुठं बोलले, त्या स्वतःला समजावत. चूक झाली. चूक कुणाचीही होते. आणि सांगितलं तर काय? फॉर्मवर सही होईल, चार दिवसांत मुलगी विमानात. तिथं कुमुदताई. त्या बाईंना हिची आवड ठाऊक नाही, हिला पालक चालत नाही हे ठाऊक नाही. इथं काय कमी आहे? यंत्र आहे, आई आहे. या वादात त्या रोज जिंकत. आणि रोज सकाळी अकराच्या आत वीस वेळा हरत.

अनुरागचा फोन आला की श्रावस्ती स्पीकर लावायची. "सगळे डबे उघडले यार, नाहीये ती रिपोर्ट," तो म्हणायचा. "आई, तुमच्याकडे नाही ना आली चुकून?"

"बघते," शैलाताई म्हणाल्या. आता मात्र ते खोटं झालं. चूक नव्हे.

*

पुढच्या गुरुवारी डॉ. कोहलींनी पट्टीनं पोट मोजलं, सोनोग्राफी पाहिली आणि खुर्चीत मागं टेकून बसल्या.

"बढ़ रहा है, पर अभी भी उतना ही पीछे. मैं रिस्क नहीं लूँगी. सैंतीस पूरे होते ही निकाल लेंगे. अंदर भूखा रखने से अच्छा है, बाहर लाकर खिलाएँ." त्यांनी कॅलेंडर पाहिलं. "उनतीस दिसंबर, सोमवार. भर्ती अट्ठाईस को."

श्रावस्तीनं नुसती मान हलवली. ती आता भांडत नव्हती. मागच्या वेळी तिनं नोएडाचं नाव तरी काढलं होतं.

शैलाताईंच्या मांडीवर पर्स होती. पर्समध्ये चष्म्याचं घर होतं. त्यामागं कागद. एकोणतीस डिसेंबर. त्यांनी मनात मोजलं. त्या दिवशी बाळ सदतीसचं नसेल. चौतीसचं असेल. पुरतं न भरलेलं, काचेच्या पेटीत ठेवावं लागेल असं, आणि तेही या हवेत. बोल, आता बोल, असं आतून कुणी ढोसत होतं. पण बोलायचं म्हणजे इथं, श्रावस्तीच्या समोर पर्स उघडायची. कागद कधी सापडला, हे ती विचारणारच. सिस्टर आली, पुढचं नाव पुकारलं गेलं, आणि त्या दोघी दारातून बाहेर आल्या.

त्या संध्याकाळी शैलाताई चहा घेऊन खोलीत गेल्या, तर श्रावस्ती वजनकाट्यावर उभी होती. उतरायची, पुन्हा चढायची. पोटामुळं आकडा दिसत नव्हता म्हणून वाकायची, आणि वाकली की खोकायची. पलंगावर ताटलीत तीन डिंकाचे लाडू होते, एकाचा घास तोडलेला.

"अगं, काय करतेस हे?"

"चार लाडू खाल्ले गं दुपारपासून. उलटी झाली, मग परत दोन खाल्ले. काटा तिथंच आहे." ती काट्यावरून उतरली नाही. "मम्मी, मागच्या वेळी पण माझ्यातच काहीतरी होतं ना? सगळे बोलले, होतं असं कधी कधी. पण माझ्यातच असणार. बाळ राहतं, पण वाढत नाही माझ्याकडे."

"नाही गं. असं काही नाही."

"मग काय आहे? डॉक्टर खोटं बोलतायत? तू सांग ना, काय आहे?"

शैलाताई कप हातात धरून उभ्या राहिल्या. चहावर साय धरली. श्रावस्तीनं काट्यावरून पाय खाली घेतला, पलंगावर बसली आणि घास तोडलेला लाडू उचलून, रडत रडत, बळंच चावायला लागली.

*

शुक्रवारी सुखदेवरावांच्या दंडाला दोन सुया लागल्या आणि मशीन फिरायला लागलं. शैलाताई स्टुलावर बसल्या. काचेबाहेर पांढरंफटक, दुपारचे बारा वाजलेत की पहाट आहे, कळू नये असं.

"काल रात्रीपासून तू मला वर्तमानपत्र उलटं देतेस," सुखदेवराव म्हणाले. "काय झालंय?"

त्यांनी पर्स उघडली आणि कागद त्यांच्या मोकळ्या हातात दिला. सुखदेवरावांनी तो डोळ्यांपासून लांब धरून वाचला. पोस्टातली नोकरी होती त्यांची, तारीख आधी बघायची सवय.

"हा कधी सापडला?"

"सहा तारखेला."

"आज बारा."

"हो."

मशीनमधून त्यांचंच रक्त नळीतून गोल फिरत होतं, तिकडे ते बघत राहिले.

"मला वाटलं, ती राहील," शैलाताई म्हणाल्या. "तुम्हाला सोडून मला जाता येत नाही. आणि तिला सोडून..."

"माझ्यामुळं तू अडकलीस, ते आहेच," सुखदेवराव हळूच म्हणाले. "पण तिला कशाला अडकवतेस?" मग कागद परत देत, "डॉक्टरला फोन कर. सांग, आज सापडला. बॅगेतच होता म्हणाव. काम होऊन जाईल, कुणाला काही कळायचं कारण नाही."

ते बायकोला वाचवायला म्हणत होते, हे शैलाताईंना कळत होतं. सोपं होतं. आज सापडला. दोन शब्द. त्यात एकच खोटा, आणि तोही बारीक. डॉक्टर नवी तारीख लिहितील, अठ्ठावीसची भरती रद्द होईल, फॉर्मवर सही मिळेल. खरी तारीख धरली तर आज बरोबर बत्तीस आठवडे होत होते. नऊ जानेवारीपर्यंत विमानात घेतील. कुमुदताईंना कळवता येईल. सगळे रकाने भरतील.

पण काल काट्यावर उभी राहून ती जे म्हणाली, ते कोणत्या रकान्यात पुसायचं? डॉक्टरांनी तारीख बदलली तरी तिला वाटणारच, एक कागद हरवला होता, तो मिळाला, बस. आपल्या आईनं सिस्टरच्या पेनाला घाबरून एक तारीख फेकली, डॉक्टरांसमोर ती पक्की म्हटली, आणि सहा दिवस आपल्याला लाडू चारत पर्स जवळ धरून बसली, हे तिला कळायला हवं होतं. तिच्यात काही कमी नाही, हे दुसऱ्या कशानं तिला पटणार नव्हतं. ऐकून ती बोलेल, काय वाटेल ते बोलेल. कदाचित पुण्याला गेल्यावर फोनही करणार नाही. बाळ झालं की फोटो अनुराग पाठवेल.

शैलाताई उठून बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये आल्या. खिडकीला इथंही चिकटपट्टी. मोबाईलवर डॉ. कोहलींचा नंबर वरच होता. त्यावर अंगठा ठेवला आणि काढला. आधी डॉक्टर नाही. डॉक्टरांना श्रावस्तीनंच फोन करायचा, तोही खरं काय ते कळल्यावर, स्वतःच्या तोंडानं.

आकडे टाकून त्यांनी मोबाईल पुन्हा उघडला. एक, चार, शून्य, चार. मग लेकीचं नाव काढलं.

आधी काय म्हणायचं, ते त्यांनी मनात ठरवून ठेवलं. काट्यावर पुन्हा चढू नकोस, बाळ बरोबर आहे. मग दुसरं वाक्य, जे ऑफिसातल्या आवाजात बोलता येणार नव्हतं. चूक माझी आहे, आणि ती मला सहा तारखेपासून माहीत आहे.

त्यांनी नावावर बोट दाबलं आणि फोन कानाला लावला.